परत येऊन सांगणारा माणूस

मुंबईत जुनी विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा शाळेच्या सहलीतून तिच्या डेकवर गेलेली मुलं आता विशी-तिशीत असतील. जिना चढून वर आलं की पहिल्यांदा वाटायचं, केवढं मोठं हे मैदान! मग कुणीतरी सांगायचं की इथे जेट विमानं उतरत असत, आणि लगेच वाटायचं, एवढ्याशा जागेत? विक्रांतची लांबी साधारण 213 मीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर. शिवाय विमानतळ हलत नाही. जहाज पुढे जातं, डुलतं, नाक वर करतं, खाली घालतं, आणि ही 213 मीटर जागाही सगळीच्या सगळी उतरायला मिळत नाही.

अशा हलत्या डेकवर एका माणसाने आयुष्यात 2,407 वेळा विमान उतरवलं. त्याचं नाव एरिक ब्राउन, ब्रिटिश नौदलाचा वैमानिक. त्याच माणसाने 487 वेगवेगळ्या प्रकारची विमानं चालवली. ही मोजणी मूळ प्रकारांची आहे. स्पिटफायरच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, ब्राउननी त्यांतल्या कितीतरी चालवल्या, पण यादीत स्पिटफायर एकदाच. दोन्ही आकडे जागतिक विक्रम आहेत. हे विक्रम मोडले जातील असं मला वाटत नाही, कारण इतकी निरनिराळी विमानं एकाच माणसाच्या हयातीत पुन्हा जन्माला येणारच नाहीत.

पण हे आकडे मला सगळ्यात थोर वाटत नाहीत. चाचणी वैमानिक मांडीला कागदांचं छोटं पॅड बांधून उडतो. वेग किती, उंची किती, दांडी कुठे जड झाली, कुठे सैल पडली, थरथर कधी सुरू झाली, हे तो आकाशातच टिपत असतो. तो वर जातो ते खाली येऊन नेमकं सांगण्यासाठी. विमान आणि वैमानिक दोघंही परत आले नाहीत तर उड्डाण फुकट गेलं, आणि परत येऊन माणूस नुसतं ‘फार हलत होतं’ म्हणाला तरी फुकटच गेलं. ब्राउन परत आले, आणि प्रत्येक वेळी सांगण्याजोगं काहीतरी घेऊन आले.

ते स्कॉटलंडमध्ये वाढले, एडिंबरो विद्यापीठात जर्मन शिकले. जर्मनचं वेड कसं लागलं याची गोष्ट ते स्वतः सांगत. 1936 साली वडिलांबरोबर जर्मनीला गेले असताना पहिल्या महायुद्धातला नामांकित वैमानिक अर्न्स्ट उडेट याने त्यांना आपल्या छोट्या विमानात मागे बसवलं, हवेत कोलांट्या मारल्या, आणि उलट्या अवस्थेतच धावपट्टीकडे येत अगदी शेवटच्या क्षणी विमान सरळ करून उतरवलं. वर सल्ला दिला: उडायला शीक आणि जर्मन शीक. पोरानं दोन्ही केलं. 1939 च्या सप्टेंबरात युद्ध पेटलं तेव्हा ब्राउन जर्मनीतच होते, शिकवायला गेलेले. त्यांना पकडलं, तीन दिवस कोठडीत ठेवलं आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर आणून सोडलं. गंमत म्हणजे त्यांची ब्रिटिश बनावटीची मोटारही परत दिली. तिचे सुटे भाग जर्मनीत मिळत नव्हते!

युद्धातली त्यांची पहिली बोट होती ‘ऑडॅसिटी’. जर्मनांकडून पकडलेलं एक मालवाहू जहाज, त्याच्यावर सपाट छप्पर ठोकून केलेली विमानवाहू नौका. डेक जेमतेम 140 मीटरचा. विमानं ठेवायला खाली हँगर नाही, त्यामुळे मूठभर मार्टलेट लढाऊ विमानं उघड्या डेकवरच ऊनपाऊस खात उभी. अटलांटिकमधून जाणाऱ्या मालवाहू ताफ्यांवर तेव्हा जर्मनांची चार इंजिनांची काँडोर विमानं घारीसारखी घिरट्या घालत आणि पाणबुड्यांना ताफ्याचा ठावठिकाणा कळवत. काँडोरला मागून गाठायला जावं तर त्याच्या तोफा सज्ज. ब्राउननी चकमकीत पाहून ठेवलं की समोरून गेलं, अगदी नाकासमोर, तर काँडोरचा मारा तुटपुंजा पडतो. मग ते समोरून भिडू लागले. दोन विमानं एकमेकांच्या दिशेने सुसाट येतात तेव्हा नेम धरायला काही क्षणच मिळतात, आणि त्यानंतर बाजूला होण्यासाठी त्याहून कमी. या पद्धतीने त्यांनी दोन काँडोर पाडली.

(या काँडोरचा रचनाकार होता कुर्ट टँक. युद्धानंतर तोच टँक भारतात आला आणि बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्याने भारताचं पहिलं लढाऊ जेट ‘मरुत’ घडवलं. ते 17 जून 1961 रोजी प्रथम उडालं, चालवत होते विंग कमांडर सुरंजन दास. विमानांच्या जगात माणसं अशी कुठून कुठे पोचतात.)

21 डिसेंबर 1941 च्या रात्री जर्मन पाणबुडीने ऑडॅसिटी बुडवली. डिसेंबरचं अटलांटिक, काळोख, गारठलेलं पाणी. ब्राउन सांगत की आम्ही चोवीस जणांनी एकमेकांना बांधून घेतलं होतं. मदत पोचली तेव्हा त्यातले दोघेच जिवंत होते.

यानंतर त्यांना चाचणी वैमानिकाचं काम मिळालं, आणि लवकरच फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये ते दाखल झाले. ब्रिटनचं विमानविज्ञान जिथे घडत होतं ती ही जागा. इथल्या एका कामाची गोष्ट मला त्यांच्या सगळ्या धाडसांपेक्षा मोलाची वाटते.

1944 च्या सुरुवातीला अमेरिकन आठव्या हवाई दलाचे प्रमुख जनरल जिमी डूलिटल यांना एक अडचण होती. त्यांची लढाऊ विमानं उंचावरून सूर मारून शत्रूचा पाठलाग करत आणि मध्येच बेकाबू होत. दांडी ओढली तरी नाक वर येईना. काहींनी तर थेट जमीनच गाठली. असं का होतं? विमान ध्वनीच्या वेगाच्या जवळपासही नसताना पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा मात्र विमानापेक्षा वेगाने धावत असते. एका टप्प्यावर तिथली हवा ध्वनीचा वेग गाठते आणि पंखावर आघाताची एक अदृश्य भिंत उभी राहते. उचलून धरणारा जोर मागे सरकतो, नाक खाली जातं, आणि शेपटीचे पडदे हलवायला वैमानिकाचं बळ अपुरं पडतं. विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या कितवा हिस्सा आहे हे माख अंकाने सांगतात. प्रत्येक विमानाला अशी एक माख-मर्यादा असते. तिच्यापलीकडे ते विमान वैमानिकाचं राहत नाही.

फार्नबरोच्या वैमानिकांनी ही मर्यादा शोधायची म्हणजे काय करायचं? विमान खूप उंच न्यायचं, नाक खाली घालायचं, आणि बेकाबू होण्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आकडा वाचायचा. ब्राउन आणि त्यांचे सहकारी हेच करत राहिले. आकडे आले ते असे. अमेरिकन लाइटनिंग 0.68, थंडरबोल्ट 0.71. जर्मन लढाऊ विमानं मात्र 0.75 पर्यंत हुकमात राहत. म्हणजे जर्मन वैमानिकाने नुसता सूर मारला तरी तो निसटणार, आणि मागे लागलेला अमेरिकन मरणाच्या दारात जाणार. तिसरं विमान होतं मस्टँग. त्याचा आकडा 0.78. हे निष्कर्ष डूलिटल यांच्यापुढे गेले आणि बर्लिनपर्यंत बॉम्बर विमानांची सोबत करायला मस्टँग हवं ही बाजू भक्कम झाली. मस्टँगचा लांबचा पल्ला हे कारण तर होतंच. पण दशांशानंतरच्या दोन अंकांवर किती तरुण वैमानिकांचे जीव टांगलेले होते, याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

त्याच वर्षी 25 मार्चला ब्राउननी मॉस्किटो हे दोन इंजिनांचं विमान ‘इंडिफॅटिगेबल’ या नौकेवर उतरवलं. ब्रिटिश विमानवाहू नौकेवर दोन इंजिनांचं विमान त्याआधी कुणी उतरवलंच नव्हतं. सात टनांहून जड विमान, पंख साडेसोळा मीटर, आणि नेहमी ज्या वेगाने जमिनीवर उतरायचं त्या वेगाने डेकवर आलं तर विमान अडवणाऱ्या तारा तुटणार. मग ब्राउननी काय केलं? वेग इतका उतरवला की पंख जेमतेम भार पेलतील आणि उरलेलं काम दोन्ही पंखे जोर लावून करतील. विमान जणू पंख्यांना लोंबकळत खाली आलं. या वेगाला एक इंजिन बंद पडलं असतं तर दुसऱ्याने विमान उलटं करून समुद्रात घातलं असतं. ते बंद पडलं नाही.

डेकवर विमान थांबतं कसं हेही इथे सांगायला हवं. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. आकडा एका तारेत अडकला की विमान काही मीटरांत उभं राहतं, वैमानिकाच्या खांद्यांत पट्टे रुततात. त्या काळी डेकच्या कडेला एक अधिकारी दोन्ही हातांत बॅट घेऊन उभा राहायचा आणि हातांच्या खुणांनी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं सांगायचा. ‘आता इंजिन तोड’ ही शेवटची खूणही त्याचीच. जहाज वाऱ्याच्या तोंडावर पूर्ण वेगाने जायचं, म्हणजे विमानाचा सापेक्ष वेग तेवढाच कमी.

पंख्याच्या विमानाला यात एक मोठा आधार होता. थ्रॉटल पुढे केलं की पंखा लगेच पंखांवरून जोरात हवा फेकतो, विमान चटकन उचललं जातं. चूक झाली तर सावरता येते. जेटमध्ये हे नाही. सुरुवातीची जेट इंजिनं थ्रॉटल दिल्यावर जोर धरायला कितीतरी सेकंद घेत. डेकच्या मागच्या कडेपाशी ते सेकंद कुठून आणायचे? म्हणून जेट विमानं समुद्रावर चालायचीच नाहीत, असं अनेक जाणत्यांचं मत होतं.

3 डिसेंबर 1945. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ‘ओशन’ ही नौका. विक्रांत ज्या मालिकेतली, तिच्या थोरल्या मालिकेतली ही बोट. आकाराने जवळपास तेवढीच. समुद्र खवळलेला, डेक वर-खाली होत होता. जहाजावरच्यांना थांबावंसं वाटत होतं, पण ब्राउन तोवर निघाले होते. सी व्हँपायर या छोट्या जेटमधून ते आले आणि आकडा तारेत अडकला. शुद्ध जेट विमान विमानवाहू नौकेवर पहिल्यांदा उतरलं ते हे. ब्राउननी जेटच्या आळशीपणावर तोड काढली होती: इंजिन मंद होऊच द्यायचं नाही, आधीपासून जोरातच ठेवायचं. त्या दिवशी जे काम त्यांनी करून दाखवलं, त्यावर पुढची सगळी नौदलाची जेट विमानं उभी आहेत.

मधल्या महिन्यांत जर्मनी शरण आला होता, आणि जर्मन बोलणारा चाचणी वैमानिक म्हणून ब्राउनना तिकडे पाठवलं होतं. जर्मनांची जेट विमानं शोधायची, चालवून बघायची, त्यांच्या लोकांना बोलतं करायचं. हेरमान गोरिंगपासून अनेकांशी ते बोलले. 10 जून 1945 रोजी हुसुम इथे त्यांनी कोमेट हे रॉकेटवर चालणारं लढाऊ विमान पूर्ण जोराने उडवलं. कोमेटच्या इंधनाबद्दल वाचलं तरी घशाला कोरड पडते. एका टाकीत तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड, दुसरीत हायड्राझिन आणि मेथॅनॉलचं मिश्रण. दोन्ही एकत्र आले की आपोआप पेटतात, इंजिनाबाहेर एकत्र आले तर स्फोट. पहिलं द्रव अंगावर सांडलं तर माणसाचं मांस जाळणारं. ही टाकी वैमानिकाच्या शेजारी! चाकं उड्डाणानंतर गळून पडतात, उतरायचं ते पोटाखालच्या घसरपट्टीवर. ब्राउनच्या नोंदीप्रमाणे कोमेट पावणेतीन मिनिटांत जवळपास पावणेदहा हजार मीटरवर पोचलं. एव्हरेस्टच्याही वर, एक गाणं संपायच्या आत. मग इंधन संपतं आणि विमान मुकाट ग्लायडर होतं.

त्याआधी एप्रिलमध्ये याच जर्मन भाषेने त्यांना आणखी एका ठिकाणी नेलं होतं. बेर्गेन-बेल्सन छळछावणी नुकतीच मुक्त झाली होती, आणि दुभाषा हवा होता. छावणीचा प्रमुख योसेफ क्रामर आणि पहारेकरीण इर्मा ग्रेसे यांच्या जबान्या त्यांनी घेतल्या. तिथले मृतदेह, तिथला वास त्यांना उतारवयापर्यंत सोडून गेला नाही. ज्या भाषेवर त्यांनी पोरवयात प्रेम केलं तिच्यातच त्यांना हे ऐकावं लागलं. याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ब्राउन मात्र लोकांसमोर ते सांगत राहिले.

आता डीएच 108. शेपटीला आडवा पंखच नसलेलं, मागे वळलेल्या पंखांचं प्रायोगिक जेट. 27 सप्टेंबर 1946 रोजी ते हवेत मोडलं आणि जेफ्री डी हॅविलँड मेले, विमान बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांचे पुत्र. काय झालं हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. मग पुढच्या डीएच 108 मध्ये ब्राउन बसले. उंचावर विमान शांत होतं. मग त्यांनी हीच चाचणी साधारण 1,200 मीटरवर, दाट हवेत केली. माख 0.88 ला विमान एकदम नाक वर-खाली आपटू लागलं. ब्राउनची हनुवटी छातीवर आदळायची, डोकं मागे फेकलं जायचं, पुन्हा छातीवर. डोळ्यांना दिसेनासं झालं. अशा प्रसंगी काय करायचं हे त्यांनी जमिनीवरच ठरवून ठेवलं होतं: इंजिन आणि दांडी दोन्ही हलकेच मागे. तेवढंच केलं, आणि थरथर जशी सुरू झाली तशीच थांबली.

उतरून त्यांनी सांगितलं की जेफ्री उंच होते, मी बुटका आहे. माझं डोकं छताला लागलं नाही. ‘विंकल’ हे त्यांचं टोपणनाव बुटकेपणावरूनच पडलं होतं, विंकल म्हणजे किनाऱ्यावरची चिमुकली गोगलगाय. तीन डीएच 108 बनली. तिन्ही पडली आणि त्यांत तीन वैमानिक गेले. या विमानाच्या दाट हवेतल्या स्वभावाबद्दल जिवंत माणसाच्या तोंडची साक्ष हवी असेल तर ती ब्राउनची.

त्यांचं सगळंच यशस्वी झालं असं नाही. युद्धानंतर एक कल्पना निघाली: जेटला चाकंच नकोत. वजन वाचेल. डेकवर रबराची गादी अंथरायची, विमानाने आकड्याने तार पकडायची आणि पोटावर गादीत पडायचं. 1947 च्या डिसेंबरात फार्नबरोला पहिल्याच प्रयत्नात ब्राउनचं व्हँपायर आदळून मोडलं. त्यांनी पुन्हा केलं आणि जमवलं, आणि 1948 च्या नोव्हेंबरात ‘वॉरियर’ नौकेवर खरोखर समुद्रात करून दाखवलं. तरी कल्पना सोडून द्यावी लागली, कारण सोपं होतं. पोटावर पडलेलं बिनचाकांचं विमान उचलायचं कसं, हलवायचं कसं, दुसऱ्या विमानतळावर उतरलं तर काय? पण जेटसाठी डेकच बदलायला हवा हा विचार या धडपडीने पक्का झाला. 1951 मध्ये डेनिस कॅम्बेल या नौदल अधिकाऱ्याने तिरप्या डेकची कल्पना मांडली. उतरण्याची पट्टी जहाजाच्या लांबीला जराशी तिरकी ठेवायची. तार चुकली तर समोर उभ्या विमानांवर आदळण्याऐवजी सरळ समुद्रावरून पुन्हा उडून जायचं. इतकं साधं, आणि इतकं उशिरा सुचलेलं.

विक्रांतला हाच तिरपा डेक होता. ती 1961 साली आपल्या नौदलात आली आणि त्याच वर्षी 18 मे रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

ब्राउन 1970 मध्ये कॅप्टन म्हणून नौदलातून निवृत्त झाले. हेलिकॉप्टर व्यवसायाच्या संघटनेचं काम पाहिलं, रॉयल एरोनॉटिकल सोसायटीचं अध्यक्षपद भूषवलं, पुस्तकं लिहिली. हेलिकॉप्टर त्यांच्या हाती प्रथम आलं ते युद्धाच्या अखेरीस लिव्हरपूलजवळ. शिकवणारा कुणी नव्हता, एका अमेरिकन सार्जंटने माहितीपुस्तिका हातात ठेवली, एवढंच. ती वाचून ते उडवून घरी घेऊन आले. वैमानिक म्हणून शेवटचं उड्डाण त्यांनी 1994 मध्ये केलं. 21 फेब्रुवारी 2016 रोजी, वयाच्या 97 व्या वर्षी ते गेले.

‘ओशन’वर उतरलेलं ते सी व्हँपायर इंग्लंडमध्ये यीओव्हिल्टनच्या नौदल संग्रहालयात जपून ठेवलं आहे. तिकडे जाणं सगळ्यांना जमणार नाही. पण गोव्याला तर आपण जातोच. दाबोळी विमानतळापासून बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. तिथे उघड्यावर एक व्हँपायर उभं आहे, दोन आसनांचं, धाकटं भावंड म्हणा. जवळच विक्रांतवरून उडणारं सी हॉकही आहे. पुढच्या खेपेला समुद्रावर जाताना अर्धा तास तिथे थांबा, मुलांना बरोबर न्या. व्हँपायर जमिनीपासून किती कमी उंचीवर आहे ते वाकून बघा, आणि सी हॉकच्या शेपटीखाली तो आकडा शोधा.